नोंदवहीत सीटीएस क्रमांक हवा

मुंबईतल्या कुठल्याही स्थानिक इतिहास मंडळाचा वर्षाचा अहवाल उघडला की साधारण एकच चित्र दिसतं. हिवाळ्यात कान्हेरीची आणि घारापुरीची सहल, फोर्टातल्या दोन-चार वारसा फेऱ्या, मोडी लिपीचा वर्ग, नाण्यांचं प्रदर्शन, एखादी व्याख्यानमाला. यातलं काहीच वाईट नाही. या कार्यक्रमांमुळेच माणसं मंडळाशी जोडली जातात आणि टिकतात. पण मंडळाच्या परिसरात आज किती वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे दानाचे दगड), शिलालेख, जुन्या विहिरी, क्रूस, तोफा आणि मैलाचे दगड आहेत, ते नेमके कुठे आहेत आणि मागच्या वर्षी पाहिले तसेच आजही आहेत का, हे सांगणारी यादी त्या अहवालात बहुधा नसते. आमच्या मते ही यादी, म्हणजे नोंदवही, हेच मंडळाचं मुख्य काम आहे. बाकीचे कार्यक्रम तिच्या आधाराने चालावेत. ही नोंदवही महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात बसलेल्या माणसाला वापरता आली पाहिजे आणि बांधकामाला परवानगी देण्याआधी ती पाहणं पालिकेने स्वतःवर बंधनकारक करून घेतलं पाहिजे.

हे बंधन कशासाठी, असा प्रश्न येईल, कारण कायदे तर आहेत. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर, घारापुरी ही लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मुंबईसाठी १९९५ ची वारसा नियमावली आली आणि इमारतींना श्रेणी मिळाल्या. पण गावठाणातल्या पारावर टेकवून ठेवलेला गधेगाळ ही काही इमारत नाही, त्यामुळे तो वारसा यादीत सहसा सापडत नाही, आणि संरक्षित स्मारक म्हणून तो जाहीरही झालेला नसतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प ही पुरावस्तूच असते. ते देशाबाहेर नेता येत नाही, पण ते कुठे उभं आहे हे कुणाच्याच दप्तरी नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी ते डेब्रिजच्या डंपरमध्ये गेलं तरी कायद्याला त्याचा पत्ता लागत नाही. धोका खरा इथे आहे. चोर क्वचित येतो, पोकलेन रोज येतो.

मुंबईच्या मातीत अजून काही उरलंय का, अशी शंका घेणाऱ्यांनी परळचं उदाहरण पाहावं. आज बारादेवीच्या देवळात असलेलं सुमारे साडेतीन मीटर उंचीचं शैव शिल्प १९३१ साली रस्त्याच्या खोदकामात मजुरांना सापडलं. पाचव्या-सहाव्या शतकातलं हे शिल्प शहराच्या ऐन वस्तीत जमिनीखाली होतं. शिल्पाबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, मात्र ते ज्या मातीत होतं त्या मातीबद्दल फार थोडं. त्याच दशकात के. आर. यू. टॉड या नौदलातल्या अधिकाऱ्याने कांदिवलीच्या आसपास अश्मयुगीन हत्यारं गोळा करून त्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या भागावर आज इमारती आहेत, आणि कांदिवलीच्या अश्मयुगाबद्दल आपण जे बोलतो ते बऱ्याच अंशी त्या कागदांच्या आधारावर. शहराबाहेर पाहायचं तर सोपारा आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा त्यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मिळायला १९५६ साल उजाडलं, तोही जवळच्याच भुईगावात. चौदा लेखांपैकी दोनच लेखांचे तुकडे हाती आले आहेत. बाकीचे एखाद्या बांधात, विहिरीच्या कठड्यात किंवा घराच्या जोत्यात असतील, नसतीलही, पण शोधायचं तर दगड न् दगड पाहत फिरणारी स्थानिक माणसंच हवीत.

साष्टीत, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्या बेटावर आहेत तिथे, असं काम मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं हेही सिद्ध झालं आहे. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग, साठये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आणि इंडिया स्टडी सेंटर या न्यासाने गेल्या दशकात एकत्र येऊन साष्टीची गावोगाव पाहणी केली. विद्यार्थी आणि हौशी कार्यकर्ते गट करून फिरले. म्हणजे पद्धत ठाऊक आहे आणि माणसंही तयार झाली आहेत. प्रश्न आहे तो पाहणी संपल्यावर त्या माहितीचं दरवर्षी काय करायचं हा, आणि तो विद्यापीठाच्या प्रकल्पाने सुटणारा नाही. प्रकल्पाला मुदत असते. त्याच वॉर्डात राहणारं मंडळ मात्र दरवर्षी त्याच दगडापाशी जाऊ शकतं.

आता नोंद कशी करायची ते पाहू, कारण बहुतेक याद्या इथेच वाया जातात. ‘हनुमान मंदिराशेजारी, पिंपळाखाली’ असा पत्ता लिहिलेला असतो. पाच वर्षांनी पिंपळ जातो, मंदिर इमारतीच्या पोडियमवर चढतं आणि दगड कुठे होता हे सांगायला कुणी उरत नाही. पालिकेचा सगळा कारभार भूखंडाच्या क्रमांकावर चालतो. उपनगरांत तो सीटीएस क्रमांक, शहर भागात सीएस क्रमांक. इमारतीचा प्रस्ताव, विकास आराखड्याचा शेरा, मालमत्ता पत्रक, पाडकामाची नोटीस, सगळं त्याच क्रमांकाखाली. तो क्रमांक नसलेली नोंद कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी पालिकेच्या टेबलावर तिचा उपयोग शून्य. क्रमांकाबरोबर महसुली गावाचं नाव लिहायलाच हवं, कारण सीटीएसचे आकडे प्रत्येक गावात नव्याने सुरू होतात. एकसरचा अमुक क्रमांक आणि मागाठाण्याचा तोच क्रमांक या दोन वेगळ्या जागा असतात. भूखंड एकत्र केले किंवा तोडले की क्रमांक बदलतात, म्हणून जुना सर्वे नंबर आणि हिस्सा मिळत असेल तर तोही शेजारी लिहून ठेवावा.

जागा पक्की करण्यासाठी फक्त मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नये. उंच इमारतींमधल्या गल्लीत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवरून परतून येतो आणि बिंदू शेजारच्या भूखंडात जाऊन पडतो. असं झालं की दगड चुकीच्या सीटीएस क्रमांकावर चढतो, मग नोंद असूनही ती खोटी. जवळच्या मोकळ्या जागेत उभं राहून, आकडा स्थिरावू देऊन तिथला बिंदू घ्यावा आणि तिथून दगडापर्यंत फितीने अंतर व होकायंत्राने दिशा मोजावी. अक्षांश-रेखांश दशांशात पाच घरांपर्यंत लिहिले की कागदावर साधारण एक मीटरपर्यंतची नेमकी जागा सांगता येते. त्याखेरीज तीन पक्क्या खुणांपासून अंतरं घ्यावीत. दोन पुरतात, तिसरं चूक पकडण्यासाठी. खुणा निवडताना विजेचा खांब, पानाची टपरी, सोसायटीचं गेट नको. विहिरीचा कठडा, क्रुसाचा चौथरा, जुन्या देवळाचं जोतं, रेल्वेच्या हद्दीचा दगड अशा गोष्टी घ्याव्यात. चढावर फीत आडवी ताणून धरावी, जमिनीला टेकवली तर अंतर जास्त भरतं.

दगडाची उंची, रुंदी, जाडी लिहितो तेव्हा ती जमिनीवरची आहे हे लिहायला विसरू नये. मुंबईत हे फार महत्त्वाचं, कारण इथे जमीन वर येत राहते. सेंट थॉमस चर्चपासून अंतर दाखवणारे ब्रिटिश काळातले मैलाचे दगड रस्ते आणि फूटपाथ उंचावत गेल्याने गळ्यापर्यंत बुडाले, काहींचा नुसता माथा दिसत राहिला. गधेगाळाच्या बाबतीत तर हा भराव नेमका घाव घालतो. गधेगाळावर वरच्या भागात चंद्र-सूर्य असतात, म्हणजे हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं. मध्ये लेख असतो: शक, राजा, त्याचे अधिकारी, दिलेली जमीन, तिच्या चतुःसीमा. दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी शेवटी येते आणि गाढव व स्त्रीची आकृती सर्वांत खाली. दगडाभोवती लादी बसवली, सिमेंटचा ओटा केला की खालचा हात-दीड हात झाकला जातो. उरतात ते चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य वीरगळावर असतात, सतीशिळेवरही असतात, त्यामुळे पाहणारा भलतंच नाव देऊन मोकळा होतो. शिलाहारांनी उत्तर कोकणावर सुमारे साडेचारशे वर्षं राज्य केलं. गावांच्या नावांचे आणि हद्दींचे त्या काळातले पुरावे आपल्याला मुख्यतः अशाच दगडांवर आणि ताम्रपटांवर मिळतात, आणि त्यातला निम्मा मजकूर लादीखाली असणं म्हणजे किती नुकसान, ते सांगायला नको. नोंदीत ‘जमिनीखालचा भाग अज्ञात’ एवढं लिहिलं तरी पुढच्या अभ्यासकाला ओटा दुरुस्तीला निघेल तेव्हा तिथे हजर राहायचं कारण मिळतं.

फोटो पुष्कळ काढले जातात, पण कामाचे थोडे. मापाची पट्टी दगडाच्या पुढ्यात तिरकी टेकवलेली नसावी, कोरीव पृष्ठभागाच्याच पातळीत असावी, नाहीतर तिच्यावरून घेतलेलं माप खोटं. मोबाइलची रुंद भिंग असलेली सेटिंग टाळावी, कडा वाकतात. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून असे फोटो घ्यावेत आणि एक लांबून, आजूबाजूची घरं दिसतील असा. सर्वांत मोठी चूक प्रकाशाची. भर दुपारी झिजलेला लेख कोरा दगड वाटतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं. त्याहून उत्तम म्हणजे अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरावी. यातही एक खोच आहे. उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेला समांतर असलेल्या रेघांची सावली पडत नाही. बॅटरी डावीकडून धरली तर काना उठून दिसतो आणि शिरोरेषा व आडवे फाटे गायब होतात. वरून धरली तर शिरोरेषा दिसते, काना जातो. त्यामुळे कॅमेरा स्टँडवर जागचा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून आणि कोपऱ्यातून असे निदान चार फोटो घेतले पाहिजेत. एकाच फोटोवरून वाचलेला शक वर्तमानपत्रात पाठवू नये. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखासारख्या प्रसिद्ध लेखाच्या काळाबद्दलही जाणकारांत मतभेद आहेत. ‘सर्वांत जुना’ ही बातमी दुसऱ्या दिवशी विसरली जाते, चुकीचं वाचन मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतं.

अक्षरांत खडू, पीठ, रांगोळी किंवा रंग भरून फोटो काढायची सवय अजून गेलेली नाही. ती थांबलीच पाहिजे. रंग भरणारा माणूस त्याला जे अक्षर वाटतं ते रंगवतो, आणि पुढचा वाचक दगडाऐवजी त्याचा तर्क वाचतो. खडूचे कण खाचेत बसतात ते वेगळंच.

ठसा घेणं हे आजही लिपितज्ज्ञाच्या दृष्टीने सर्वांत विश्वासार्ह साधन, पण ते प्रत्येकाने करायचं काम नव्हे. दगड मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने धुवायचा. खळ न लावलेला पातळ, चिवट हातकागद भिजवून त्यावर पसरायचा आणि मधून कडेकडे हवा काढत जायचं. मग दाट केसांच्या ब्रशने सरळ ठोकत कागद अक्षरांच्या खाचेत उतरवायचा. फाटला तर त्याच जागी दुसरा तुकडा लावून पुन्हा ठोकायचं. कागदाचं पाणी उतरलं, पण थोडी ओल राहिली, की काजळी आणि डिंकाच्या शाईत कापडी बोळा हलका बुडवून, आधी ताटलीवर टिपून, मग कागदावर टिपत जायचं. खाचेतला कागद पांढरा राहतो, वरचा काळा होतो. कागद फार ओला असेल तर शाई पसरते आणि पातळ जागेतून दगडावर उतरते. तो डाग नंतर निघत नाही. उन्हात पूर्ण वाळला तर कागद खाचेतून सुटून वर येतो आणि अक्षरं पुसट होतात. वाऱ्याच्या दिवशी, किंवा ज्याचे पोपडे निघतायत अशा दगडावर ठसा घेऊच नये, कागदाबरोबर दगडाचा पापुद्रा येतो. तेलकट किंवा शेंदराने माखलेल्या दगडावर कागद बसतच नाही. संरक्षित स्मारकातल्या लेखाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती घेतलीच पाहिजे. जिथे ठसा शक्य नाही तिथे ढगाळ उजेडात एकमेकांवर साठ-सत्तर टक्के चढणारे पन्नास-साठ फोटो काढून संगणकावर त्रिमित प्रतिकृती बनवता येते. शेंदराच्या चकाकीने तीही कधी बिघडते, तेव्हा तिरपा प्रकाशच उरतो.

शेंदराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पूजेतला दगड हा गावाचा देव आहे, आणि मंडळ तिथे पाहुणं आहे. शेंदूर खरवडणं, सुरीने किंवा थिनरने काढणं हा गावाचा अपमान आहे, दगडाची हानी आहे आणि करणाऱ्याच्या तब्येतीलाही धोका आहे, कारण पारंपरिक शेंदरात शिसं असतं. शेंदराचं जाड कवच उतरवायचं असेल तर गावकीच्या संमतीने आणि प्रशिक्षित संवर्धकाच्या हातूनच. तोवर दगडाला गावात काय म्हणतात, नैवेद्य कधी असतो, कुणाच्या घराकडे मान आहे, हे लिहून घ्यावं, तीही तितकीच मोलाची नोंद आहे. शेंदरापेक्षा ऑइल पेंट आणि सिमेंट घातक असतात, हे मात्र गावकऱ्यांना समजावून सांगावं. रंगाने दगडाची ओल आत कोंडते आणि पृष्ठभाग सुटू लागतो, सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. जीर्णोद्धाराचा ठेकेदार येण्याआधी ट्रस्टींशी झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं मंडळाच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त वाचवतं. आणि ‘आम्ही शोध लावला’ ही भाषा सोडावी. ज्या दगडाला गाव पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावतं, तो हरवलेला नव्हताच.

दुसरं काम खोदकामाच्या खड्ड्यांचं. उत्खनन करायचा अधिकार मंडळाला नाही, परवान्याशिवाय कुदळ मारणं गुन्हा ठरू शकतो आणि पुराव्याचाही नाश होतो. पण इमारतीचा पाया खोदला जात असताना खड्ड्याची कड पाहणं, तिचा पट्टीसह फोटो घेणं आणि रस्त्याच्या पातळीपासून खोली मोजणं हे उत्खनन नव्हे. यात मुंबईतली खास फसगत म्हणजे भराव. वरचा एक-दोन मीटरचा थर पुष्कळदा कुठून तरी आणून टाकलेला असतो. काच, प्लास्टिक, कौलांचे तुकडे, वेगवेगळ्या रंगांची माती कुठलीही रेघ न धरता मिसळलेली दिसली तर तो भराव समजावा. त्यात शिलाहारकालीन खापर मिळालं तरी ते या जागेचं नाही, ज्या टेकाडाची माती आणली त्या टेकाडाचं आहे. खाली मुरमावर बसलेला अखंड काळपट थर, त्यात खापरं, कोळसा, हाडं, चुन्याची रेघ किंवा विटांची ओळ दिसली तर ती खरी बातमी, आणि लगेच राज्य पुरातत्त्व संचालनालयाला कळवण्यासारखी. निळसर-हिरव्या झिलईच्या पश्चिम आशियाई भांड्यांचे किंवा चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे दिसले की हात शिवशिवतात. उचलू नयेत. थरातून उचललेला तुकडा म्हणजे पुराव्याची पाठ फाडून नेलेलं पान. नाण्यांचा हंडा किंवा दागिने निघाले तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हे साइटवरच्या सुपरवायझरला आणि मजुरांना आधीच सांगून ठेवावं.

अडचण अशी की खाजगी साइटवर मंडळाला आत कोण सोडणार? आमची मागणी इथे येते. पालिका बांधकामाला तत्त्वतः मंजुरी देताना अटींचं जे पत्र देते, ज्याला सगळे आयओडी म्हणतात, त्यात झाडांपासून मलनिस्सारणापर्यंत अटींची रांग असते. त्यात दोन अटी वाढवाव्यात. भूखंडाचा क्रमांक नोंदवहीत असेल तर आर्किटेक्टने त्या दगडाची जागा नकाशावर दाखवावी, काम चालू असताना तो कुठे आणि कसा ठेवणार व नंतर कुठे बसवणार हे लिहून द्यावं. आणि गावठाणात किंवा नोंद असलेल्या जागेच्या लगत पाया खोदताना मंडळाच्या एका माणसाला ठरलेल्या दिवशी, हेल्मेट घालून, खड्ड्याच्या कडेने पाहणी करू द्यावी. काम थांबवायचा अधिकार मंडळाला नको. तो पुरातत्त्व संचालनालयाकडेच असावा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा या स्वतंत्र यंत्रणा परवानग्या देतात, त्यांच्याही अटींत हेच यायला हवं, नाहीतर निम्मं उपनगर सुटून जाईल.

विकासक म्हणतील, आणखी एक विलंब. पण दगडाची जागा आधीच माहीत असणं हा विलंब टाळायचाच मार्ग आहे. अर्ध्या खोदकामात दगड निघतो, गावकरी जमतात, पोलीस येतात आणि काम आठवडेच्या आठवडे अडतं, असं होण्यापेक्षा पहिल्याच नकाशावर चौकोन काढून ठेवणं स्वस्त. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नेमकी जागा जाहीर केली की चोरांना वाट दाखवल्यासारखं होतं. हे खरं आहे, आणि म्हणून नोंदवहीचे दोन भाग हवेत. लोकांसाठी गाव, प्रकार, अंदाजे काळ आणि फोटो. क्रमांक आणि अंतरं मंडळाकडे, पालिकेकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे. पण चोरीच्या भीतीने नोंदच न करणं ही उलटी शहाणीव. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातून परत आला, त्यात पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे असलेले जुने फोटो हा कळीचा पुरावा ठरला. मूर्ती कधीकाळी त्या देवळात होती हे सिद्ध करणारं चित्रच नसेल तर मागणार काय आणि कशाच्या जोरावर?

हे काम पदवीधर पुरातत्त्वज्ञांवर सोपवा, असंही सुचवलं जातं. वाचन, कालनिश्चिती, संवर्धन त्यांचंच. पण भगवानलाल इंद्रजी विद्यापीठात शिकलेले नव्हते आणि प्राचीन लेख वाचणारे भाऊ दाजी लाड पेशाने डॉक्टर होते. मोजमाप चोख असेल आणि जे कळलं नाही ते कळलं नाही असं लिहिलं असेल, तर हौशी माणसाची नोंद तज्ज्ञाला पुरते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये एकसरच्या वीरगळांचं, त्यावरच्या जहाजांच्या लढाईचं, पट्ट्यापट्ट्याने वर्णन आहे. आज दगडावरची एखादी आकृती ओळखू येत नसेल तर त्या वर्णनाशी ताडून पाहता येतं, झीज किती झाली तेही कळतं. आपली नोंद आणखी शंभर वर्षांनी कुणाला अशीच उपयोगी पडली पाहिजे.

त्यासाठी ती टिकली पाहिजे, आणि मुंबईची हवा कागदालाही चांगली नाही आणि यंत्रालाही. फोटोंच्या स्लाइडवर बुरशी येते, जुन्या सीडी वाचल्या जात नाहीत, हार्ड डिस्क एके दिवशी बंद पडते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांत, एक मंडळाच्या खोलीबाहेर, एवढं तरी पाळावं, आणि मुख्य पानांची टिकाऊ कागदावर छापील प्रत ठेवावी. खरा धोका माणसाचा. संस्थापक सदस्याच्या घरी कपाटात चाळीस वर्षांच्या वह्या असतात आणि त्याच्या पश्चात त्या रद्दीत जातात. म्हणून वह्या मंडळाच्या मालकीच्या आहेत हे पहिल्या दिवसापासून लेखी असावं, प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक असावा. मंडळ विसर्जित झालं तर संग्रह कुठल्या संस्थेकडे जाईल, हे कलम घटनेत घालावं. संस्था नोंदणी कायद्यानुसार विसर्जनानंतर मालमत्ता सभासदांत वाटता येत नाहीच, मग ती कुणाला द्यायची हे आधी ठरवलेलं बरं. एशियाटिक सोसायटी, विद्यापीठाचं ग्रंथालय, राज्य पुराभिलेखागार, यांच्यापैकी कुणाशी तरी जिवंतपणीच बोलून ठेवावं.

फेऱ्या बंद करायची मुळीच गरज नाही. फेरीच्या वाटेत नोंदवहीतले पाच दगड ठेवावेत आणि येणाऱ्यांच्या हातात मागच्या वर्षीच्या फोटोची प्रत द्यावी. त्याच जागेवरून, त्याच कोनातून नवा फोटो घ्यायचा आणि फरक लिहायचा: लादी चढली, रंग लागला, कोपरा उडाला, दगड नाही. फेरीचे पैसे कागद आणि शाईला लागतील आणि येणाऱ्यांना आपण काहीतरी केलं हे समाधानही मिळेल. शाळा-महाविद्यालयांतली मुलं हे काम फार नेटकं करतात, मोजपट्टी हातात आली की ती मोठ्यांनाही चुकू देत नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक हवामान ठरवतं. पावसाने वाढलेलं गवत वाळलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावठाणं, पाडे, टेकड्यांचे पायथे. मे महिन्यात तळी आटतात तेव्हा पायऱ्या, तळात पडलेली शिल्पं, जुनी बांधकामं उघडी पडतात, ते आठवडे राखून ठेवावेत. पहिल्या पावसानंतर उघड्या चढांवरची खापरं धुऊन निघालेली दिसतात. उरलेल्या पावसाळ्यात क्रमांक शोधणं, मालमत्ता पत्रकं काढणं, नोंदी तपासणं. चार जणांचा गट एका गावठाणाला दोन-तीन रविवारांत हातावेगळा करू शकतो. पहिली यादी वीसच दगडांची झाली तरी थांबू नये. ती सीटीएस क्रमांकासह दोन प्रतींत छापावी, वॉर्डच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आणि इमारत प्रस्ताव विभागात द्यावी, पोच घ्यावी आणि तो आवक क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा. पुढच्या वर्षीच्या यादीच्या पत्राची सुरुवात त्याच क्रमांकाच्या संदर्भाने करावी.